एक्सपल्स २०० : एअरबॉक्स कापायचा का? आणि गिअर लीव्हर, स्प्रॉकेटचं घरगुती काम

घाटवाट
नमस्कार मंडळी. गाडी एक्सपल्स २००, बीएस६, दोन व्हॉल्व्हची, इंजेक्शनवाली. आठवडाभर पुण्यात, सुट्टीला ताम्हिणी, वेल्हे, भोरकडचे कच्चे रस्ते. घरीच करण्याजोगी दोन कामं डोक्यात आहेत.

पहिलं, एअरबॉक्सचं (एअर फिल्टर बसतो त्या डब्याचं) तोंड मोठं करणं किंवा डबाच काढून सरळ कोन फिल्टर, म्हणजे शंकूसारखा उघडा फिल्टर लावणं. चढावर दुसऱ्या गिअरला गाडी दमते, तिथे थोडा जोर हवा आहे. दुसरं, जाड बूट घातल्यावर गिअर लीव्हरखाली पंजा जात नाही, त्यामुळे दुसरा नीट पडत नाही आणि मधेच फॉल्स न्यूट्रल लागतो, म्हणजे दोन गिअरांच्या मधे गाडी मोकळी फिरते. लीव्हर वाढवून घ्यावा म्हणतो.

दोन्हींत काय करावं, काय टाळावं आणि कुठल्या क्रमाने, ते सांगा. हत्यारं सगळी आहेत, टॉर्क पानासुद्धा.

पाना_दहाचा
कोन फिल्टर नको. बाकी सवडीने लिहितो.

चिखलवाट
मी उलट मताचा. एअरबॉक्सचं झाकण उघडं केलं की पिकअपमध्ये फरक पडतो, तो हाताला कळतो. कंपनी तोंड बारीक ठेवते ते आवाजाच्या नियमासाठी, इंजिनाच्या भल्यासाठी नव्हे.

पाना_दहाचा
@चिखलवाट, आवाजाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच फरक कानाला आधी कळतो. तोंड उघडलं की हवा ओढण्याचा घुरघुराट थेट सीटखालून येतो आणि गाडी जोरात निघाल्यासारखी वाटते. आता आकडे बघा.

इंजिन १९९.६ सीसी. ८५०० आरपीएमला चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ४२५० वेळा हवा ओढतं. सिलिंडर साधारण ८५ टक्के भरतो असं धरलं तर सेकंदाला जेमतेम १२ लिटर हवा झाली. चार सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून ही हवा सेकंदाला १० मीटरपेक्षाही कमी वेगाने जाते. त्या वेगाला होणारा दाबाचा तोटा पाण्याच्या स्तंभात मोजला तर अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा.

पण ही झाली सरासरी. सिंगल सिलिंडर चार स्ट्रोकांपैकी एकातच हवा ओढतो, म्हणजे त्या क्षणी वेग चौपट. वेग चौपट झाला की तोटा सोळा पट. मधे डबा आहे म्हणून हा झटका तोंडापर्यंत पोचत नाही. डब्यातली साठलेली हवा इंजिन घेतं आणि पुढचे तीन स्ट्रोक डबा तोंडातून सावकाश भरत राहतो. कोन फिल्टर लावला की हा साठाच गेला. वर हवा घेणार ती इंजिनाशेजारची तापलेली, आणि पावसाळ्यात पुढच्या चाकाचं पाणी थेट फिल्टरवर. म्हणून कोन फिल्टर नको म्हणालो.

गवंडी_पाणसळ
वाद घालण्यापेक्षा मोजून घ्या. खर्च शंभर रुपयांच्या आत.

गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, ६ मिमी आतला व्यास, दोन मीटर. पट्टीवर यू आकारात बांधा, एकेक हात अर्ध्या मीटरचा. त्यात शाई घातलेलं पाणी २५ सेंमी उंचीपर्यंत भरा. फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूला, क्रँककेसच्या ब्रीदरचा (इंजिनातली वाफ सोडणारा) पाईप एअरबॉक्सला येऊन मिळतो. तो तेवढ्यापुरता काढून एका रिकाम्या बाटलीत सोडा आणि त्या निपलला नळीचं एक टोक जोडा. दुसरं टोक मोकळं. नळीत कुठेतरी जुन्या कार्बोरेटरचा पायलट जेट (बारीक भोकाची पितळी तोटी) घट्ट बसवा, नाहीतर पाणी इतकं थरथरतं की वाचताच येत नाही.

पट्टी टाकीला बांधा. रिकामा, स्वच्छ डांबरी चढ निवडा, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, आरपीएम वरपर्यंत. पाणी वाचायला मागे दुसरा माणूस बसवा, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. दोन्ही हातांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या.

१० सेंमी पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण १ टक्का. सगळा अडथळा शून्य केलात तरी कमाई तेवढीच. तुलनेला सांगतो, महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो.

फक्त एक काळजी घ्या. निपलकडे जाणारी नळी यू पासून निदान अर्धा मीटर वर चढवून मग खाली आणा. नाहीतर अचानक ओढ लागली की पाणी थेट इंजिनात.

घाटवाट
@गवंडी_पाणसळ, हे फारच कामाचं आहे. येत्या रविवारी करतो. तोवर कापाकापी बंद.

रिकामा_जेट
एक फरक कुणीच लिहिला नाही. बीएस४ काळात एक्सपल्स कार्बोरेटरमध्येही मिळायची आणि इंजेक्शनमध्येही. कार्बवाल्यांचं गणित वेगळं आहे.

आधी इंजेक्शन, कारण प्रश्न त्याचा आहे. सायलेन्सरच्या बेंडमधला ऑक्सिजन सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो, पण ते आयडलला आणि संथ, एकसारख्या चालीला. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या सेन्सरकडे बघत नाही, आपल्या नकाशाप्रमाणे, म्हणजे आधीच भरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. म्हणजे जिथे हवा वाढते तिथेच दुरुस्ती करणारं कुणी नाही. थोडी हवा वाढली तर मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर ती धरतो, पण डब्याचा आकारच बदलला, लहरींची वेळ बदलली की तो नकाशा तुमच्या गाडीचा राहत नाही. परिणाम: मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), सिलिंडरचं डोकं तापणार, चढावर वाटाणे तडतडल्यासारखं नॉकिंग.

आता कार्ब. कारखान्यातून येणारी सेटिंग प्रदूषणाच्या नियमामुळे बहुधा पातळच असते, त्यामुळे इथे काम केलं तर खरा फायदा आहे. मात्र एअरबॉक्स हलवायच्या आधी जेट बघा. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विच हाउसिंगवर पांढरी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. बंद ते एक अष्टमांश पायलट जेट आणि स्क्रू सांभाळतात, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. तक्रार कुठल्या खुणेवर येते ते आधी पकडा.

पूर्ण थ्रॉटलला असताना मूठ किंचित मागे घेतली आणि गाडी क्षणभर उलट पुढे ओढली, तर मेन जेट लहान आहे. एक पायरी वाढवा. पायऱ्या बहुधा २.५ च्या. केहिन आणि मिकुनीचे आकडे एकमेकांना लावू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल आणि सुईला क्लिपच्या खाचा नसतील, तर सुईच्या टोपीखाली अर्धा मिमी जाडीचा ३ मिमीचा वॉशर घाला. एका वेळी एकच बदल. दोन केले तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

तांबडीमाती
कोकणातल्यांसाठी फिल्टरबद्दल थोडं. जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक असते. एअरबॉक्स कापला की ती थेट फिल्टरच्या तोंडाशी, आणि कापलेल्या कडेवरून झाकण नीट बसलं नाही तर फिल्टरला वळसा घालून आत.

ग्रीसची चाचणी करा. फिल्टर काढून त्याच्यापुढच्या रबरी बुटाच्या (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीच्या) आत, स्वच्छ बाजूला, बोटाने पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर द्या. दोनशे किलोमीटर धुळीत चालवून परत बोट फिरवा. ग्रीस पांढरंच असेल तर सील चांगलं. बोटाला तांबूस करकर लागली तर धूळ सिलिंडरमध्ये जाते आहे, आणि रिंगा किती दिवस टिकतील हा फक्त वेळेचा प्रश्न आहे.

कंपनीचा तेल मुरवलेला कागदी फिल्टर धुवायचा नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचाही नाही. दाबाने कागदाची छिद्रं मोठी होतात, वरून दिसायला मात्र फिल्टर स्वच्छ दिसतो. बदलायचाच. धुळीत चालणाऱ्या गाडीला पुस्तकातलं अंतर निम्मं धरा.

फोमचा लावणार असाल तर रॉकेलमध्ये दाबून धुवा, पिळू नका, जोड उसवतात. पेट्रोल नको, फोमचा गोंद सुटतो आणि आगीची भीती वेगळी. मग साबणाचं पाणी, सावलीत पूर्ण वाळवणं, आणि फोम फिल्टरचंच चिकट तेल. पिशवीत घालून दाबत राहा, सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे. थेंब गळत असेल तर तेल जास्त झालं. कडेला ग्रीसची वळी द्यायची.

चिखलवाट
@तांबडीमाती, ही चाचणी माहीत नव्हती. कापलेल्या झाकणाच्या गाडीवर लगेच करायला हवी.

लेथकाम
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. @घाटवाट, तुमचा फॉल्स न्यूट्रल लीव्हरच्या लांबीचा नसून उंचीचा आहे असं वाटतं. वेल्डिंगच्या आधी हे बघा.

लीव्हर ज्या शाफ्टवर बसतो त्याला बारीक दाते असतात. लीव्हरचा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण बोल्टची दांडी शाफ्टवरच्या खाचेतून जाते. अर्ध्या बोल्टवर लीव्हर ओढून दाते खराब केलेल्या गाड्या पुष्कळ येतात. शाफ्टवर आणि लीव्हरवर मार्करने रेघ मारा, एक दाता वर चढवून बसवा. टोक साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येतं. बूट घालून सीटवर बसून तपासा, उभं राहूनही तपासा. पंजा फूटपेगवर असताना टोक बोटांच्या सांध्याच्या किंचित वर हवं. गाडीला मधे रॉडची जोडणी असेल तर दाते हलवू नका. रॉडच्या दोन्ही टोकांचे नट सैल करून रॉड फिरवा. एका बाजूला उलटे आटे असतात, त्यामुळे रॉड न काढता लांबी बदलते. रॉड आणि दोन्ही भुजा मधल्या स्थितीत काटकोनाजवळ असाव्यात. नाहीतर वरचा गिअर हलका आणि खालचा जड, किंवा उलट, असं होतं.

लांबी वाढवायचीच असेल तर १५ ते २० मिमी, पुढे नाही. शाफ्टपासून टोकापर्यंत १२० मिमीचा लीव्हर १४० केला की जोर १४ टक्के कमी लागतो, पण पंजाला १७ टक्के जास्त हलावं लागतं. जो अर्धवट हलवतो त्याला फॉल्स न्यूट्रल उलट जास्त लागेल. कंपनीने २०२० साली रॅली किट आणलं त्यात लांब गिअर लीव्हर होताच, मोठ्या बुटांसाठीच. तो मिळाला तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका.

वेल्डिंग करणार असाल तर लीव्हर गाडीवरून काढून करा. गाडीवर लावून केलं तर वेल्डिंगचा करंट इंजिनातून फिरतो, बेअरिंग आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात. जोडाला फार कडक पट्टी लावू नका. पडल्यावर लीव्हर वाकला पाहिजे. तो वाकला नाही तर शाफ्ट वाकतो, आणि शाफ्टसाठी इंजिन उघडावं लागतं. दुमडणारं टोक सगळ्यात चांगलं.

पाना_दहाचा
@लेथकाम +१. आणि त्याच्याही आधी क्लच. क्लच पूर्ण सुटत नसेल तर लीव्हर सोन्याचा केला तरी गिअर अडणार.

क्लच लीव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी ढील. आधी हँडलकडचा अॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आत घ्या, मोठं काम इंजिनाकडच्या टोकाला करा, शेवटचा बारीक फरक हँडलकडे. वायर टाकीखाली कुठे मोडून वळली आहे का बघा. वरचं टोक सोडवून, वायर उभी धरून, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळं करा आणि पातळ तेल खालच्या टोकातून बाहेर येईपर्यंत सोडा. मात्र आतून टेफलॉनचं अस्तर असलेल्या वायरला तेल देऊ नका.

गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभ्याने न्यूट्रल लागत नाही, पण चालत्या गाडीला लागतो, हे क्लच ओढत असल्याचं लक्षण. ढील बरोबर असून तसं होत असेल तर क्लच बास्केटच्या बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्या असणार. ऑइलसुद्धा बघा: जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घ्या. एमबी हे स्कूटरचं, ओल्या क्लचला चालत नाही.

आणि चेन. फार ताणलेली चेन आउटपुट शाफ्टला ओढून धरते, गिअर जड पडतात. हे सगळं ठीक असूनही ठराविक एकच गिअर सुटत असेल तरच आतलं बघायचं: ड्रमवरचा रोलर आणि त्याची स्प्रिंग, मग शिफ्ट फोर्क.

पर्थकर
इथे ऑस्ट्रेलियात सुझुकी डीआर६५० फार. तिच्या एअरबॉक्सचं झाकण कापणं हा जवळजवळ रिवाज आहे, पण तिला ४० मिमीचा मिकुनी कार्ब आहे आणि झाकणासोबत जेट बदलतात म्हणून ते जमतं. रिकामा_जेट यांचा मुद्दा अगदी बरोबर. इंजेक्शनच्या गाडीवर त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

त्याच गाडीची गिअरकडची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. न्यूट्रलचा दिवा लावणारा स्विच क्लचच्या मागे दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. ते स्क्रू कंपनाने सुटतात आणि एखादा गिअरांमध्ये पडला तर केस फुटते. उपाय म्हणजे क्लच काढून स्क्रूंना आटे धरून ठेवणारा द्राव लावणं किंवा तारेने बांधणं. दिवा मधेच लागेनासा झाला की लोक आधी बल्ब बघतात. तिथे गाडी आधी बंद करायची.

रिकामा_जेट
कार्बवाल्यांना पावसाळ्याचं एक. कार्बला ज्या वेंटच्या नळ्या असतात त्यांची टोकं खाली लोंबतात. ओढ्यात ती बुडाली की फ्लोटच्या वाटीत हवा जाणं बंद, आणि पाणी एअरबॉक्सपर्यंत पोचलेलं नसतानाही इंजिन मरतं. लोक स्पार्क प्लग काढून बसतात. वेंटच्या नळीत टी जोडा, एक फाटा खाली राहू द्या, दुसरा टाकीखाली उंच नेऊन ठेवा. तळाची ड्रेनची नळी वेगळी, तिला हात लावू नका. एअरबॉक्सच्या बुडाशी असलेली ड्रेनची नळीही बंद करू नका. ओढा ओलांडल्यावर तीच आधी उघडून बघायची.

दात_मोजा
चढावर दमते याला थेट उपाय स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आहे, आणि तोच सगळ्यात स्वस्त. समजा पुढे १३ आणि मागे ४० दात आहेत (आपापले मोजून घ्या). ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढे १२ लावलं तर ३.३३, चाकावरचा जोर ८ टक्क्यांनी वाढला. एअरबॉक्समधून १ टक्का शोधत बसण्याशी तुलना करा. बदल्यात त्याच वेगाला आरपीएम ८ टक्के जास्त. जिथे ५००० होते तिथे ५४००. द्रुतगती चालीला कंपनं वाढतील, पेट्रोलही.

मागे ४३ लावूनही जवळपास तेवढाच फरक. पुढचं छोटं स्प्रॉकेट चेनला जास्त वाकवतं आणि चेन स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर जास्त घासते. मागचं मोठं लावलं तर चेन लांब लागू शकते. ४२८ चेनची एक कडी १२.७ मिमी. पुढे एक दात कमी केला की अॅक्सल साधारण ३ मिमी मागे घ्यावा लागतो. मागे तीन दात वाढवले तर साडेनऊ मिमी पुढे. अॅडजस्टरमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

काम करताना: चाक जमिनीवर, कुणीतरी मागचा ब्रेक दाबलेला, तेव्हाच पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करा. कव्हर उघडल्यावर आत चिखल आणि चेनच्या वंगणाचा काळा लगदा असतो, तो खरवडून काढा आणि ऑइल सीलच्या कडेने ओल आहे का पाहा. सील गळत असेल तर आत्ताच बदला.

चेनची ढील साइड स्टँडवर मोजून सोडून देऊ नका. या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचा प्रवास १७० मिमी आहे. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. पट्ट्याने मागची बाजू दाबून गाडी त्या स्थितीला आणा. तिथे १० ते १५ मिमी खेळ उरला पाहिजे. नाही उरला तर प्रत्येक खड्ड्याला आउटपुट बेअरिंग मार खातं.

स्पीडोचा सेन्सर चाकावर असेल तर वाचन बदलत नाही. गिअरबॉक्सवर असेल तर तेवढे टक्के जास्त दाखवेल.

सह्यकडा
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. लीव्हर वर करण्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण इंजेक्शनच्या गाडीचं मिश्रण बिघडवलं तर पीयूसीला अडचण येईल आणि वॉरंटीचा वाद होईल.

चिखलवाट
ग्रीसची चाचणी केली. झाकणाच्या कापलेल्या कोपऱ्याकडे तांबूस रेघ आली आहे, बाकी ग्रीस पांढरं. नवीन झाकण मागवलं. माझं आधीचं मत मागे घेतो.

तांबडीमाती
झाकण बसवायच्या आधी तो रबरी बूट आतून ओल्या फडक्याने पुसा, थ्रॉटल बॉडीच्या तोंडात कापड कोंबून. आणि ते कापड मोजून बाहेर काढा.

घाटवाट
रविवारी पाणसळ लावली. तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, ८००० च्या वर: जुना फिल्टर १४ सेंमी, नवा फिल्टर ७ सेंमी. दोन्ही तीन-तीनदा घेतले. म्हणजे कापून मिळण्यासारखं पाऊण टक्क्याच्या आतच होतं, आणि जेवढं गेलं होतं ते नुसत्या फिल्टरमध्ये. एअरबॉक्स तसाच ठेवतो.

क्लचची ढील २५ मिमी निघाली, ती १२ वर आणली. लीव्हर एक दाता वर. बूट घालून दुसरा आता एका ठोक्यात पडतो, फॉल्स न्यूट्रल वीस-पंचवीस शिफ्टांत एकदाही नाही. पुढे १२ चं स्प्रॉकेट मागवलं आहे. @दात_मोजा, सध्याची चेन ११,००० किमी चाललेली आहे. नवं स्प्रॉकेट त्याच चेनवर चालेल का?

दात_मोजा
मागच्या स्प्रॉकेटवर चेन मधोमध धरून मागे ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा दिसला तर चेन गेली. शिवाय चेन ताणून २० कड्या मोजा: २५४ मिमी हव्यात. २५९ च्या पुढे गेल्या असतील तर पूर्ण किटच घ्या, जुनी चेन नवे दात खाऊन टाकेल. किट घेताना मागे ४० आणि पुढे १२ असं सुटं सांगा, तयार डब्यात पुढचं १३ च येतं.

घाटवाट
२५६.५ भरल्या. चेन ठेवतो, बारा लावतो.